पुंजाजी पाटलाची कमान

जिजाबाईचं डोकं फिरलं की अख्ख्या गल्लीला कळायचं. भांडी आदळणं, दारं आपटणं असले प्रकार नाहीत. नुसतं तोंड सुटायचं. एकदा सुटलं की समोर लेक आहे, सून आहे की तहसीलदार, कुणाचा मुलाहिजा राहायचा नाही. पण यंदाच्या उन्हाळ्यात तिला जो राग आला तसला तिला स्वतःलाही ठाऊक नव्हता. आणि आला कुणावर, तर गावाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या, नवऱ्याच्या नावाच्या सिमेंटच्या कमानीवर.

कमान बांधली तिच्या लेकानं, दिनेशनं. पुंजाजी पाटील गेले, त्यांच्या वर्षश्राद्धाला उद्घाटन झालं. दोन बाजूंना जाड खांब, वर आडवी तुळई, तिच्यावर दोन हत्ती आणि मधोमध चकचकीत स्टीलची अक्षरं : ‘कै. पुंजाजी पाटील स्मृतिद्वार’. फीत जिजाबाईनंच कापली. रडली, आणि मनातून सुखावलीही. खोटं कशाला बोला! रिसोडच्या बाजारात भाजी विकून जीपनं परत येताना लांबूनच ती अक्षरं उन्हात चमकायची. जीपमधल्या बाया म्हणायच्या, “पाय वं जिजाबाई, पाटील वाट पाहून राह्यले तुयी.” ती लाजून डोक्यावरचा पदर पुढं ओढायची.

कमान बांधली तेव्हा तिच्याखालून सोयाबीनचा भरलेला ट्रक आरामात जायचा. मग गावात रस्ते होऊ लागले. आपल्याकडं रस्ता कसा होतो ते काय नव्यानं सांगायचं? जुना खोदायचा, मग नवा करायचा, हे बोलायला. प्रत्यक्षात जुन्याच्या उरावर नवा. सरपंच बदलला की त्या नव्याच्या उरावर आणखी नवा. गावातली घरं खड्ड्यात गेली, ओटे रस्त्याच्या बरोबरीला आले, पावसाचं पाणी थेट चुलीपर्यंत यायला लागलं. कमान तिथंच राहिली आणि रस्ता वर चढत गेला. त्यात दिनेशनं काय करावं? कमानीच्या बरोब्बर खाली भला थोरला गतिरोधक टाकला. कायले, तर गाड्या हळू जाव्या अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले बाबाचं नाव नीट वाचता यावं. आता या अकलेला काय म्हणावं!

यंदा सरपंच होती जिजाबाईची सून, रूपाली. जागा बायांसाठी राखीव निघाली म्हणून. सही रूपालीची आणि बाकी सगळा कारभार दिनेशचा. पंचायतीत खुर्चीवर दिनेश बसायचा आणि रूपाली घरी पोळ्या लाटायची. लोकही त्यालाच सरपंच म्हणायचे आणि तो ‘ओ’ द्यायचा.

एप्रिलमध्ये तालुक्याहून अग्निशमनवाल्यांचा निरोप आला. त्यांचा सप्ताह होता. गावोगाव जाऊन आग लागली तर काय करायचं ते दाखवणार होते. दिनेशनं मांडव घातला, भोंगा लावला. लाल बंब घेऊन राजपाल नावाचा जमादार आणि त्याची माणसं आली आणि कमानीपाशी येऊन थांबली. राजपाल खाली उतरला. वर पाहिलं, खाली पाहिलं. एका माणसाला टपावर चढवून हात लावून बघितलं आणि मान हलवली.

“सरपंचसाहेब, गाडी आत येत नाई. वरची शिडी अडकते.”

दिनेश हसला. “मंग इथंच करा ना बाहेर. मोकळी जागा हाये, फोटोले बी चांगलं दिसते.”

मग बाहेरच झालं. माणसं चांगली होती, शिकवलंही मनापासून. सिलिंडरला आग लावली आणि ओलं पोतं टाकून विझवून दाखवली. बाया आधी किंचाळल्या, मग एकेक पुढं झाली. जिजाबाईनंही पोतं टाकलं. तिची शेजारीण बेबीबाई, सेवादासची बायको, सगळ्यात पुढं. तिच्या गोठ्यात बैलजोडी, आणि गोठ्याला लागूनच कुटाराची, वाळल्या भुशाची, गंजी. तिनं विचारलं, “साहेब, जनावर बांधेल असन तर?”

“दाव्याची गाठ अशी मारा का एका झटक्यात सुटली पाह्यजे,” राजपाल म्हणाला. “अन् आग भडकली का आत कोनी जायचं नाई. बैल नवा घेता येते, मानूस नाई.”

बेबीबाईनं मान डोलावली. जाताना राजपालनं दिनेशला बाजूला घेतलं. जिजाबाई चहाचे कप गोळा करत जवळच होती, तिनं सगळं ऐकलं.

“साहेब, राग नका मानू. कमान खाली नाई आली, तुमचा रस्ता वर आला. उद्या काई झालं तर आमी इथंच उभे राहू. दुसरी वाट हाये का गावात याले?”

दुसरी वाट कुठली! एका अंगाला नाला. दुसऱ्या अंगाची पांदण लोकांनी शेतांचे धुरे, म्हणजे बांध, सरकवून-सरकवून अशी गिळली होती की बैलगाडीसुद्धा जाईना.

“करू ना,” दिनेश म्हणाला. “पुढच्या मासिक सभेत ठराव घेतो. आमच्या गावाले आग-बिग लागत नाई साहेब, बाबाची पुण्याई हाये.” आणि त्यानं राजपालच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. कमानीखाली बंब, बंबापुढं सगळे, असा फोटो काढला. राजपालनंही पुढं ताणलं नाही. शाल घेतली आणि गेला.

त्या दिवसापासून जिजाबाई लेकाच्या मागं लागली. “दिनेश, गाडी आत येत नाई म्हने. काय करून राह्यला तू?” तो म्हणायचा, पाहू. ती म्हणायची, गतिरोधक तरी फोड. तो म्हणायचा, पावसाळ्यानंतर. एकदा तिनं जेवतानाच विषय काढला तर हा ताटावरून उठला. “माय, तुले कायले पंचाइत? तू आपली भेंडी तोड.” जिजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या पोटचा गोळा आपल्याला भेंडी तोडायला सांगतो! पण त्या दिवशी ती गप्प राहिली, कारण शेवटी ते नाव तिच्या नवऱ्याचं होतं, आणि कमान पाडा असं स्पष्ट म्हणायला तिचीही जीभ रेटेना.

आणि मग मे महिन्यातल्या एका दुपारी आग लागली.

ऊन असं की कुत्रीसुद्धा नालीत पडलेली. विजेच्या दोन तारा वाऱ्यानं एकमेकींना घासल्या, ठिणग्या पडल्या त्या नेमक्या सेवादासच्या कुटारावर. वाळलेलं सोयाबीनचं कुटार, त्याला किती वेळ लागतो! जिजाबाई ओट्यावर भाजीच्या जुड्या बांधत होती. धूर दिसला तशी ती ओरडत सुटली. घरातून रूपाली धावत आली. बाकीचे “आग, आग” करत सैरावैरा पळत असताना तिनं राजपालनं दिलेल्या नंबरावर फोन लावला. गाव सांगितलं, वाट सांगितली, आवाज न कापता सांगितलं.

आणि बंब आला. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं लोकांनी भलतंच बोलायला सुरुवात केली. बंब लवकर आला. गंजी पेटली होती, पण गोठ्याचं छप्पर अजून धरलं नव्हतं, तेव्हाच वेशीवर घंटा ऐकू आली. बायांच्या जिवात जीव आला. बेबीबाई म्हणाली सुद्धा, “आले वं माय, आले!”

घंटा वाजत राहिली, पण जवळ येईना.

जिजाबाई पळत वेशीकडं गेली. पाहते तर बंब कमानीपाशी उभा. राजपालची माणसं चाकांतली हवा सोडत होती, टपावरची शिडी पान्यानं खोलत होती. हवा सोडली तरी गतिरोधकावर चाक चढलं की टप तुळईला घासे. एकानं पाइपांना पाइप जोडून ओढत आणले, तर ते मारुतीच्या पारापर्यंत येऊन संपले. गोठा त्याच्या कितीतरी पुढं. राजपाल घामानं निथळत ओरडत होता, “बाल्ट्या आना! घागरी आना! इथून पानी घेऊन जा!” लोक घागरी घेऊन पळाले. उन्हातान्हात, पायात चपला नाहीत. पण पेटलेल्या कुटारावर घागरीनं काय होतं!

तेवढ्यात छपरानं पेट घेतला आणि आत बैल हंबरले. ते हंबरणं ज्यानं ऐकलं त्याला पुढं कितीक दिवस जेवण गेलं नाही. राजपालनं शिकवलेली गाठ बेबीबाईनं एका बैलाला मारली होती, तो सुटून बाहेर आला. दुसऱ्याची गाठ जुनीच राहिली होती. आणि ती वेडी बाई, आत जायचं नाही याला मान डोलावलेली, विळा घेऊन आत शिरली. सेवादासनं पदर धरला तर पदर त्याच्या हातात राहिला.

तिला बाहेर काढलं तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत जळाले होते आणि पाठ भाजली होती. अॅम्बुलन्स आली. ती बुटकी, कमानीखालून सुळकन आत आली आणि बेबीबाईला घेऊन अकोल्याला गेली. बैल आतच राहिला.

संध्याकाळपर्यंत आग आपोआपच विझली, जाळायला काही उरलं नाही म्हणून. आणि मग गावाचा राग निघाला. कुणावर? बंबावर! सगळं गाव वेशीवर जमलं. “तमाशा पाह्याले आले का बे?” “इतल्या जवळ येऊन उभे राहता?” कुणी दगड उचलला, काच फुटली. दिनेशनं पुढं होऊन राजपालची कॉलर धरली.

“तुमी लोकं पगार कायचा घेता रे? आमची बाई जळून राह्यली अन् तुमी इथं चाकायची हवा सोडता? उद्या कलेक्टरकडं जातो मी, सस्पेंड करतो तुले!”

राजपालच्या हाताला तुळई लागून रक्त आलं होतं, तो हात तसाच लोंबत होता.

आणि तिथं जिजाबाईचं तोंड सुटलं.

“सोड त्याले!” ती अशी ओरडली की दगड घेतलेले हात खाली आले. “सोड म्हनतो ना मी! कोनाची कॉलर धरून राह्यला तू? गाडी नाई आली का? आली. येळेवर आली. तुयाच बायकोनं फोन केला अन् थे आली. मंग अडवली कोन?”

“माय, लोकं पाहून राह्यले. घरी चाल.”

“पाहू दे! पाह्याले तर तू कमान बांधली! वर पाय, डोळे फोडून पाय. कोनाचं नाव हाये थे? पुंजाजीनं अडवली गाडी. पुंजाजी पाटलानं!”

गर्दी एकदम गार झाली. जिजाबाईनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. ‘दिनेशचे बाबा’ म्हणायची, ते गेल्यावर ‘आमचे पाटील’ म्हणायची. आज भर वेशीत, पुरुषांच्या मेळ्यात, तिनं नाव घेतलं आणि तेही असं. म्हाताऱ्यांनी कानाला हात लावले.

“उद्या सकाळी ही कमान पाडायची,” ती म्हणाली. “पाडा म्हनतो मी. मी त्यायची बायको हावो.”

आता तुम्हाला वाटेल की गाव पेटून उठलं, हो म्हणालं. नाव घेऊ नका! आत्ता बंबावर दगड मारणारे तेच हात मागं गेले. एक म्हणाला, मेलेल्या माणसाच्या नावावर हातोडा कसा मारावा, पाप हाये. दुसरा म्हणाला, रस्ताच खोदू, ठराव घेऊ. तिसरा म्हणाला, पाटलांनी लय केलं गावासाठी. आणि सगळ्यात कहर म्हणजे सेवादास, ज्याची बायको अकोल्यात पालथी पडलेली, ज्याचा बैल आत कोळसा झालेला, तो भला माणूस हात जोडून म्हणाला, “राहू द्या काकू. पाटलाचं नाव हाये. आमचं नशीब खोटं.”

जिजाबाईला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. लेकापेक्षा तिला त्या जोडलेल्या हातांचा राग आला. असेच हात जोडून-जोडून या लोकांनी आपलं वाटोळं करून घेतलं, आणि अजून जोडतात!

ती घरी आली ती थेट चुलीपाशी. रूपाली कणीक मळत होती.

“ठेव थे कनिक,” जिजाबाई म्हणाली. “सरपंच कोन हाये या गावात?”

रूपालीनं मान खाली घातली. “आत्याबाई, थे…”

“थे नाई. तू. कागदावर तुयं नाव हाये. आज फोन कोनं लावला? त्यानं लावला का? थो तर बोंबलत पळत होता. तूच बोलली ना धीरानं? मंग आता काहून मुकी झाली? मी बुढी हावो, माह्यं कोनी ऐकत नाई. तुयं ऐका लागते त्यायले.”

“घरातून काढतीन मले.”

“काढू दे. माह्यं बी नाव लावेल हाये या घराले. पाहतो तुले कोन काढते.”

रूपालीनं परात बाजूला सारली. मग पिठाचे हात तसेच साडीला पुसून तिनं फोन घेतला आणि जेसीबीवाल्या हरिसिंगला लावला. “हरिसिंगभाऊ, मी सरपंच बोलून राह्यली. सकाळी मशीन घेऊन वेशीवर या. कमान पाडायची हाये. हो, मीच सांगून राह्यली. ह्यायले विचारायची गरज नाई.”

सकाळी जेसीबी आला आणि दिनेशही आला. मोटारसायकल टाकली आणि कमानीखाली गतिरोधकावर जाऊन उभा राहिला. “माह्यावरून चालव मशीन! माह्या बापाचं नाव हाये हे!” हरिसिंगनं इंजिन बंद केलं. रूपाली पुढं झाली, पण नवऱ्याचा चेहरा पाहून जागीच थांबली.

जिजाबाई चालत दिनेशजवळ गेली. ओरडली नाही. तिला ओरडायचं होतं, पण कालच्या ओरडण्यानं घसा बसला होता.

“पाह्यजे ना तुले बापाचं नाव? मंग एक काम कर. थे अक्षरं काढून घे, पिशवीत भर अन् अकोल्याले जाय. बेबीच्या खाटेपाशी उभा राह्य अन् तिले वाचून दाखव, का ह्या नावापायी तुये हात गेले. थे म्हनली का राहू द्या कमान, तर मी आजपासून ह्या कमानीखालून वाकून जाईन. बोल. जातो?”

दिनेशनं सेवादासकडं पाहिलं. सेवादास रातोरात अकोल्याला जाऊन पहाटे परतला होता. बायकोचे हात कापावे लागतील असं डॉक्टर म्हणाले होते आणि हे सगळ्या गावाला कळलं होतं. या वेळी त्यानं हात जोडले नाहीत. तोंड फिरवून उभा राहिला.

दिनेश गतिरोधकावरून खाली उतरला.

“हरिसिंगभाऊ, चालू करा,” रूपाली म्हणाली.

पहिल्या घावाला हत्ती पडला. दुसऱ्याला तुळई तडकली. जिजाबाई डोळे न मिटता बघत होती. ज्या माणसाबरोबर अख्खा संसार केला त्याच्या नावाचे तुकडे होताना बघणं सोपं नव्हतं. हरिसिंगचा हात एकदा थबकला तशी तीच खेकसली, “थांबला काहून? मार!” तुळई खाली आली, धुरळा उडाला. त्या धुरळ्यातून पहिल्यांदाच मारुतीच्या पारापर्यंतचा रस्ता मोकळा दिसला.

आणि मग लोक धावले. कशासाठी, तर अक्षरांसाठी! ढिगाऱ्यातून ‘पुं’ कुणी उचलला, ‘टी’ कुणी उचलला. कपाळाला लावू लागले. एक म्हातारा अक्षरं धोतरानं पुसून ओळीनं ओट्यावर मांडू लागला. कुणीतरी म्हणालं, हळदीकुंकू आना, पाय नाई लागला पाह्यजे नावाले.

“अरे, तुमाले काई लाज?” जिजाबाईचा बसलेला घसा फाटला. “लोखंडाच्या पाया पडता? थे काल बी इथंच होतं ना, चांगलं चमकून राह्यलं होतं! तिकडं बैल मरून पडला हाये गोठ्यात. पंचनामा झाला तरी कोनी हात नाई लावला, वास सुटून राह्यला. त्याले उचलाले कोनी धावत नाई अन् हे उचलता? ठेवा खाली! ठेवा म्हनतो!”

हातातली अक्षरं हातातच राहिली. दिनेश ढिगाऱ्याशी उकिडवा बसला होता.

जिजाबाईनं पदर कमरेला खोचला, हरिसिंगच्या मशीनवरचं फावडं ओढून घेतलं आणि सेवादासच्या गोठ्याकडं चालू लागली. तिच्यामागून रूपाली निघाली. आणखी कोण येतं आणि कोण नाही, हे बघायला जिजाबाई थांबली नाही.